कांचेंतील पोवळें आणि त्याचे भक्षक

पोवळें म्हटलें कीं मराठी घरांतील माणसांच्या डोळ्यांसमोर तांबडा मणी उभा राहतो. मंगळाचें रत्न म्हणून तें अंगठींत बसवितात, गळ्यांतल्या माळेंत ओवतात आणि नवरत्नांत त्याची गणना करतात. हा मणी एकेकाळीं जिवंत प्राण्यांच्या वसाहतीचा सांगाडा होता, ही गोष्ट अंगठी घालणाऱ्याच्या ध्यानांत क्वचितच येते. दागिन्याचें पोवळें आणि उष्ण समुद्रांत बेटेंच्या बेटें उभारणारें प्रवाळ हीं एकाच विस्तीर्ण कुळांतलीं असलीं तरी जातीनें निराळीं आहेत. परंतु दोन्ही प्राणी होत, आणि प्राणी म्हटला कीं त्याला खाणारा दुसरा कोणी असावयाचाच.

जिवंत प्रवाळ घरीं आणून कांचेच्या पात्रांत वाढवावें, अशी हौस माणसास लागली, त्यास आतां पावणेदोनशें वर्षें होऊन गेलीं. त्या हौसेच्या इतिहासांत एक चमत्कारिक गोष्ट आढळते. प्रवाळ राखण्याची विद्या जसजशी वाढत गेली, तसतसा त्याला खाणाऱ्या जीवांचा उपद्रवहि वाढत गेला. आणि ज्या वाटेनें प्रवाळ घरांत आलें, त्याच वाटेनें त्याचे भक्षकहि आले. हे भक्षक कोण, ते टांकींतच इतके कां माजतात, आणि माणसानें त्यांच्यावर काय उपाय शोधले, याची हकीकत उद्‌बोधक आहे.

प्रथम प्रवाळाची शरीररचना थोडक्यांत पाहणें अवश्य आहे. प्रवाळाचा एकेक घटक म्हणजे तोंडाभोंवतीं नाजूक स्पर्शिका असलेला, पिशवीसारखा मऊ प्राणी होय. त्यास पॉलिप म्हणतात. समुद्राच्या पाण्यांतील चुना घेऊन तो आपल्या बुडाशीं एक कठीण पेला घडवितो. असे हजारों पेले एकमेकांस जोडले जाऊन प्रवाळाची फांदी किंवा पत्र्यासारखें पान तयार होतें. उष्ण कटिबंधांत खडक उभारणाऱ्या बहुतेक प्रवाळांच्या अंगांत सूक्ष्म शैवालपेशी राहतात. सूर्यप्रकाशाच्या साह्यानें त्या अन्न तयार करतात आणि त्यांतला मोठा वांटा आपल्या यजमानास देतात. म्हणून अशा प्रवाळास भरपूर उजेड लागतो, निर्मळ व हलतें पाणी लागतें, आणि पाण्याची उष्णता थोडी वाढली तरी त्याचा जीव धोक्यांत येतो.

कांचेंतील प्रवाळाचा इतिहास १८४६ सालीं इंग्लंडांत सुरू होतो. वेस्टमिन्स्टर येथील सब-डीन लॉर्ड जॉन थिन यांच्या पत्नी अॅना थिन या त्या वर्षीं टॉर्की येथें समुद्रकिनाऱ्यावर गेल्या असतां त्यांना खडकावर लहान पेल्यांसारखीं जिवंत प्रवाळें दिसलीं. हीं थंड समुद्रांतलीं प्रवाळें होतीं. त्यांना उष्ण पाण्याची किंवा प्रखर उन्हाची गरज नसते. बाईंनीं सुई-दोऱ्यानें तीं एका मोठ्या स्पंजास टांचलीं, म्हणजे वाटेंत तीं गडगडूं नयेत, आणि खाऱ्या पाण्यानें भरलेल्या दगडी बरणींत घालून लंडनला आणलीं. समुद्र दूर असल्यामुळें ताजें पाणी वेळेवर मिळण्याची खात्री नव्हती. तेव्हां उघड्या खिडकीपाशीं उभें राहून अर्धा-पाऊण तास तेंच पाणी एका भांड्यांतून दुसऱ्यांत ओतावयाचें, असा क्रम त्यांनीं घरांतील मोलकरणीकडून चालविला. त्या योगानें पाण्यांत हवा मिसळे. पुढें १८४७ सालीं त्यांनीं पात्रांत समुद्रवनस्पती ठेवल्या, आणि वनस्पतींनीं तें कष्टाचें काम बरेंचसें आपल्या अंगावर घेतलें. प्रवाळें नुसतीं जगलींच नाहींत, तर त्यांस पिलेंहि झालीं. या निरीक्षणांचा वृत्तांत १८५९ सालीं एका इंग्रजी शास्त्रीय मासिकांत प्रसिद्ध झाला.

त्याच सुमारास लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनीं दुसऱ्या बाजूनें हाच प्रश्न हातीं घेतला होता. त्यांनीं गोड्या पाण्याच्या पात्रांत दोन सोनेरी मासे आणि एक पाणवनस्पती ठेवली. वनस्पतीनें माशांना प्राणवायु पुरवावा आणि माशांच्या उच्छ्वासानें वनस्पतीचें पोषण व्हावें, ही त्यांची कल्पना होती. परंतु कांहीं दिवसांनीं वनस्पतीचीं जुनीं पानें कुजूं लागलीं आणि पाणी गढूळ झालें. तेव्हां त्यांनीं तळ्यांतल्या गोगलगाई आणून सोडल्या. गोगलगाईंनीं कुजलेलीं पानें खाल्लीं, पाणी निवळलें, आणि त्यांचीं अंडीं माशांना खाद्य म्हणून उपयोगीं पडलीं. १८५० सालीं त्यांनीं हा प्रयोग केमिकल सोसायटीपुढें मांडला. या साध्या प्रयोगांतून निघणारा धडा पुढील सर्व इतिहासास लागू पडतो. पात्रांतला समतोल एका भक्षकाच्या येण्यानें साधला होता. कोणी खाणारा नसेल तर पात्र बिघडतें, आणि खाणाऱ्यालाच खाणारा कोणी नसेल तर तें निराळ्या तऱ्हेनें बिघडतें.

१८५३ सालीं लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयांत लोकांसाठीं मत्स्यगृह उघडलें, आणि १८५४ सालीं फिलिप गॉस यांनीं ‘द अक्वेरियम’ हें पुस्तक लिहून तो शब्द घरोघर पोंचविला. कांचेवरील कर १८४५ सालींच उठला असल्यामुळें कांच स्वस्त झाली होती. दिवाणखान्यांत समुद्र मांडण्याची लाटच उसळली. तिचा परिणाम किनाऱ्यावर काय झाला, हें गॉस यांचे पुत्र एडमंड यांनीं १९०७ सालच्या आपल्या आत्मवृत्तांत खेदानें सांगितलें आहे. बापाच्या पुस्तकांनीं ज्यांना नादीं लावलें, त्या हौशी लोकांच्या झुंडींनीं खडकांमधील तीं सुंदर पाणकुंडें उध्वस्त करून टाकलीं. कांचेंतल्या प्रवाळाचा भक्षक म्हणून किड्याचें नांव पुढें येण्यापूर्वींच, समुद्रांतल्या प्रवाळाचा एक भक्षक पुढें आला होता आणि तो माणूस होता.

थंड पाण्यांतलें प्रवाळ असें लवकर वश झालें, तरी उष्ण समुद्रांतल्या खडक उभारणाऱ्या प्रवाळानें आणखी शंभर वर्षें दाद दिली नाहीं. प्रवासांत तें मरे. वांचलेंच तर अंधुक उजेडांत आणि मळक्या पाण्यांत झुरून जाई. १९५६ सालीं न्यू कॅलेडोनिया बेटावर नूमेआ येथें रेने कातला यांनीं मत्स्यालय उघडलें आणि शेजारच्या समुद्राचें ताजें पाणी सतत खेळवून त्यांत जिवंत प्रवाळें वाढवून दाखविलीं. समुद्रापासून दूरच्या घरांत ही सोय कोठून असणार? त्याचें उत्तर जकार्ता येथील ली चिन एंग यांनीं शोधलें. त्यांनीं समुद्राच्या तळाचे दगड, त्यांवरील सर्व जीवसृष्टीसह, टांकींत ठेवले आणि हवेच्या बुडबुड्यांनीं पाणी हलतें राखलें. १९६१ सालीं त्यांनीं आपली पद्धत एका अमेरिकन मासिकांत प्रसिद्ध केली. दगडाच्या छिद्रांत राहणारे सूक्ष्म जंतु पाण्यांतील घाण पचवितात. त्यामुळें हा ‘जिवंत दगड’ स्वतःच गाळणीचें काम करतो. पुढें जर्मनींत, विशेषतः बर्लिनमध्यें, हौशी लोकांनीं जिवंत दगडास प्रखर दिव्यांची आणि फेंस उडवून मळ बाहेर काढणाऱ्या यंत्राची जोड दिली. १९८० नंतरच्या काळांत हरणाच्या शिंगांप्रमाणें फांद्या फुटणारें अॅक्रोपोरा जातीचें प्रवाळ लोकांच्या घरीं वर्षानुवर्षें वाढूं लागलें.

येथपर्यंत ही विजयाची कथा होती. परंतु या विजयाच्या पोटींच संकटाचें बीज होतें. अॅक्रोपोराची फांदी मोडून दुसऱ्या दगडास चिकटविली कीं ती नव्यानें वाढते, गुलाबाच्या कलमाप्रमाणें. साहजिकच हौशी लोक एकमेकांस फांद्या भेट देऊं लागले. एका टांकींतली फांदी दहा घरीं जाई, त्या दहा घरांतून शंभर घरीं. समुद्रांतून नवें प्रवाळ तोडण्याची गरज त्यामुळें कमी झाली, ही मोठीच गोष्ट झाली. मात्र फांदीच्या बुडाशीं चिकटलेल्या अंड्यांची एखादी चकतीहि त्याच भेटीबरोबर घरोघर हिंडूं लागली. ज्या देवघेवीनें समुद्राचें रक्षण केलें, तिनेंच टांक्यांचा घात आरंभिला.

या भक्षकांपैकीं तीन मुख्य होत. पहिला ‘तांबडा किडा’ या नांवानें हौशी लोकांत प्रसिद्ध आहे. हा कोळंबीच्या दूरच्या नात्यांतला, सुमारें अर्धा मिलिमीटर लांबीचा, पिवळसर प्राणी असून त्याच्या अंगावर तांबडा ठिपका असतो. आर्थर ह्यूम्स यांनीं १९८१ सालीं त्याचें शास्त्रीय वर्णन केलें, तेव्हां घरच्या टांकींत तो एवढा उपद्रव देईल असें कोणास वाटलें नसेल. अॅक्रोपोराच्या त्वचेवर तो शेंकड्यांनीं वावरतो; मग प्रवाळ आपले पॉलिप बाहेर काढीनासें होतें, त्याचा रंग उडतो आणि वाढ खुंटते.

दुसरा भक्षक कवच नसलेली समुद्री गोगलगाय होय. मोंटिपोरा नांवाच्या, पानांसारख्या पसरणाऱ्या प्रवाळावर तिचा निर्वाह चालतो. ती पांढुरकी व लहान असते. पाठीवरच्या बोटांसारख्या उंचवट्यांमुळें ती पॉलिपांच्या गर्दींत सहज लपते आणि पानाच्या खालच्या बाजूस, जेथें माणसाची नजर जात नाहीं तेथें, अंडीं घालते. हौशी लोक कित्येक वर्षें हिच्याशीं झगडत होते; शास्त्रांत मात्र हिला नांवच नव्हतें. २०२० सालीं संशोधकांनीं तिचें रीतसर वर्णन करून तिला ‘फेस्टिला सबओडिओसा’ हें नांव दिलें.

तिसऱ्या भक्षकाची कथा सर्वांत नवलाची आहे. हा एक चपटा कृमि असून तो केवळ अॅक्रोपोरा खातो. खाल्लेल्या प्रवाळाच्या शैवालपेशी आणि रंग त्याच्या पोटांत तसेच राहत असल्यामुळें त्याचा रंग बसल्या जागेसारखाच दिसतो. डोळ्यांस कृमि दिसत नाहीं, दिसतात ते त्याच्या खाण्याचे फिकट वाटोळे डाग. फांदीचें बूड उघडें पडलें म्हणजे तेथें तो अंड्यांचे थर घालतो. २०११ सालीं केट रॉलिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें तें टांक्यांत सांपडलेल्या नमुन्यांवरून. समुद्रांत हा प्राणी तोंवर कोणीं पाहिलेलाच नव्हता. दुसऱ्या वर्षीं ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर लिझर्ड बेटाजवळ तो प्रथमच समुद्रांत आढळल्याचें जाहीर झालें. हजारों घरांत ज्यानें धुमाकूळ घातला, तो आपल्या जन्मभूमींत इतक्या गुपचूप राहत होता कीं शास्त्रज्ञांसहि त्याचा पत्ता नव्हता.

समुद्रांत जो दृष्टीसहि पडत नाहीं, तोच टांकींत सर्वनाश करतो, याचें कारण उघड आहे. समुद्रांत त्याचीं पिलें लाटांबरोबर दूर वाहून जातात, आणि खडकाखडकांतून त्याला वेंचून खाणारे मासे, खेकडे व कोळंब्या असतात. टांकींत प्रवाळाची थाळी त्याच्यापुढें मांडलेली असते आणि पाठीवर वैरी कोणी नसतो. निसर्गांत जें काम शेंकडों जीव मिळून करतात, तें येथें एकट्या मालकावर येऊन पडतें.

हा समतोल मोडला तर खुद्द समुद्रांतहि काय होतें, याचें उदाहरण ऑस्ट्रेलियानें पाहिलें आहे. ‘कांट्यांचा मुकुट’ या नांवानें ओळखला जाणारा, अनेक भुजांचा तारामासा आपलें जठर तोंडावाटे बाहेर काढून प्रवाळावर पसरतो आणि त्याचें मांस जागच्या जागीं पचवितो. एरवीं तो विरळ असतो. १९६२ सालीं केर्न्झजवळच्या ग्रीन बेटावर तो अगणित संख्येनें माजला आणि त्यानें खडकांमागून खडक पांढरे पाडले. नद्यांतून वाहून आलेल्या खतांमुळें त्याच्या पिलांना अन्न वाढलें, कीं त्याला खाणारे मासे व मोठे तुतारी-शंख माणसानें उचलून नेले, याविषयीं विद्वानांत अजून एकमत नाहीं. पाणबुड्यांनीं प्रारंभीं मोरचुदाच्या द्रावणाची पिचकारी देऊन एकेक तारामासा मारला. अलीकडे पित्तक्षारांची एकच टोंचणी पुरते असें ठरलें, आणि २०१५ सालीं साध्या शिरक्यानेंहि तो मरतो असें प्रयोगांनीं दिसून आलें. साधन सुधारलें, पण माणसानें हातानें एकेक प्राणी वेंचावा, ही पाळी कांहीं टळली नाहीं.

घरच्या टांकींतील उपायांचा इतिहासहि असाच आहे. तांबड्या किड्यावर २००० नंतरच्या दशकांत हौशी लोकांनीं एक औषध शोधलें, तें कुत्र्यांच्या कृमींवरचें मिल्बेमायसिन. किडे मेले खरे. परंतु त्यांच्या नात्यांतले खेकडे व कोळंब्याहि त्या औषधानें मेल्या. प्रवाळाच्या फांद्यांत राहणारे लहान खेकडे हे प्रवाळाचे पहारेकरी असतात. समुद्रांत कांट्यांचा तारामासा जवळ आला तर ते त्याला चिमटे घेऊन हांकलतात. म्हणजे चोर मारावयास घातलेल्या विषानें पहारेकऱ्याचाहि बळी घेतला. चपट्या कृमीसाठीं आयोडीनच्या व इतर औषधांच्या पाण्यांत फांदी बुडवून काढण्याची रीत पडली. त्या स्नानानें मोठे कृमि गळून पडतात, अंडीं मात्र आपल्या कवचांत सुरक्षित राहतात. टांकीचा मालक निश्चिंत होतो आणि कांहीं दिवसांनीं अंडीं फुटतात.

मग लक्ष वळलें तें वॉरिंग्टनच्या गोगलगाईच्या मार्गाकडे. सहा रेघांचा एक लहान रॅस मासा आणि एका जातीची कोळंबी या कृमीस खातात, आणि त्यांच्यामुळें त्याची संख्या घटते, असें २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसून आलें. तथापि या मित्रांच्या भरंवशावर रोगाचें पूर्ण निर्मूलन होईल, अशी हमी त्यांतून मिळाली नाहीं.

अखेर अनुभवी लोक ज्या उपायावर येऊन ठेपले, तो सर्वांत जुना व सर्वांत कंटाळवाणा आहे. १३७७ सालीं रागुझा नगरानें प्लेगच्या भीतीनें परक्या गलबतांवरील माणसांस तीस दिवस वेगळें ठेवण्याचा नियम केला. पुढें ते दिवस चाळीस झाले आणि चाळीस या अर्थाच्या शब्दावरूनच क्वारंटीन हें नांव रूढ झालें. १८९६ सालीं मुंबईस प्लेग आला, तेव्हांपासून हा शब्द महाराष्ट्राच्या परिचयाचा आहे. नवी फांदी आली कीं ती मुख्य टांकींत न टाकतां निराळ्या लहान टांकींत कित्येक आठवडे ठेवावी. औषधाचें स्नान एकदां देऊन न थांबतां, अंडीं फुटून पिलें निघावींत आणि त्यांनीं पुन्हां अंडीं घालण्यापूर्वींच तीं मरावींत, अशा बेतानें तें वारंवार द्यावें. फांदीचें जुनें बूड अंड्यांसह तोडून टाकावें. आणि भिंगानें प्रत्येक बारीक डाग तपासावा. यांत नवल वाटावें असें कांहीं नाहीं. परंतु देखणी फांदी हातीं आली असतां ती दोन महिने बाजूस ठेवणें हौशी माणसास औषध विकत घेण्यापेक्षां फार जड जातें, आणि बहुतेक टांक्या याच उतावीळपणानें उजाड झाल्या आहेत.

हा केवळ श्रीमंत हौशी लोकांच्या करमणुकीचा प्रश्न असता, तर त्याची एवढी चर्चा करण्याचें प्रयोजन नव्हतें. १९९८ सालापासून समुद्राच्या वाढत्या उष्णतेनें प्रवाळें पांढरीं पडण्याचे मोठे प्रसंग वारंवार येत आहेत. ग्रेट बॅरिअर रीफवर २०१६, २०१७, २०२०, २०२२ आणि २०२४ या वर्षीं तसे प्रसंग आले. फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर २०१४ सालीं प्रवाळांचें मांस झडविणारा रोग दिसला, तेव्हां रोग न पोंचलेल्या भागांतून निरोगी प्रवाळें काढून अमेरिकेंतील मत्स्यालयांत व प्राणिसंग्रहालयांत सांभाळण्यास दिलीं गेलीं. २०२३ च्या उन्हाळ्यांत तेथील समुद्र इतका तापला कीं रोपवाटिकांतील हजारों प्रवाळें घाईघाईनें जमिनीवरच्या टांक्यांत हलवावीं लागलीं. हौशी माणसांनीं दिवाणखान्यांत मिळविलेली विद्या आज समुद्राचें बियाणें राखण्याच्या कामीं येत आहे. अशा टांकींत चपट्या कृमीची एक चकती शिरली, तर एका माणसाची हौस नव्हे, समुद्राची ठेव बुडेल. आणि तेथील फांदी न तपासतां समुद्रांत परत लावली, तर उपद्रव नव्या खडकावर जाण्याची भीति आहे.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यासहि या गोष्टी परक्या नाहींत. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास मालवणच्या समुद्रांत जिवंत प्रवाळें आहेत, आणि १९८७ सालीं तेथें सागरी अभयारण्य जाहीर झालें. किनाऱ्यापासून सुमारें शंभर किलोमीटरवर, कान्होजी आंग्रे यांचें नांव धारण करणाऱ्या आंग्रिया बँक या बुडालेल्या उंचवट्यावरहि प्रवाळांची वस्ती आहे. खडक उभारणारीं प्रवाळें २००१ सालीं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत घालण्यांत आलीं. म्हणजे वाघाला जें संरक्षण, तेंच या इवल्या प्राण्यास मिळालें. तेव्हां मालवणला गेलेल्या प्रवाशानें पाण्याखालचें पोवळें डोळे भरून पाहावें आणि जेथल्या तेथें राहूं द्यावें. त्याचे भक्षक तेथेंहि असतात. परंतु भक्षकांचे भक्षकहि तेथें जागे असतात, आणि त्यांच्या पहाऱ्याला खिडकीपाशीं उभें राहून पाणी ओतणारी मोलकरीण लागत नाहीं.